चौकशी

गेल्या श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी आईच्या दाराची कडी वाजली. मी स्वयंपाकघरात अळूच्या पानांच्या शिरा काढत बसले होते आणि आई बाहेरच्या खोलीत पलंगावर पाय लांब करून वाती वळत होती. पावसाची संततधार लागल्यामुळे जिन्यातला प्रत्येक आवाज अगदी कानाशी आल्यासारखा वाटत होता. आईने बसल्या जागेवरून कोण आहे म्हणून विचारले आणि बाहेरून एक तरुण, जरासा दमलेला आवाज आला, "पोलीस. आजींची चौकशी करायला आलोय." वात वळणारा आईचा हात मांडीवर तसाच थांबला. मी हात पुसत बाहेर आले, तर दारात एक पोलीस शिपाई उभा होता. रेनकोटवरून पाणी ठिबकत होते, एका हातात हेल्मेट होते आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली लांबट नोंदवही होती. कोणी न सांगताच त्याने बूट बाहेर काढले. मी त्याला आत घेतले, खुर्ची पुढे केली आणि तो बसायच्या आत मागे वळून दार लावून घेतले.

आईच्या इमारतीत दिवसा कोणी दार लावत नाही. जाळीचे दार तेवढे ओढलेले असते, त्यातून एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात जाते आणि कोणाकडे कोण आले हे सगळ्या मजल्याला कळते. मी लाकडी दार लावले तेव्हा खोलीत एकदम अंधारून आले आणि मला दिवा लावावा लागला. शिपायाने एकदा दाराकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता पिशवीची गाठ सोडायला घेतली. मी दार का लावले, हे त्याला विचारावे लागले नाही, याचे मला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिले.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची यादी करण्यासाठी तो आला होता. नाव, वय, आजार, डॉक्टरांचा फोन, मुलांचे फोन, घरकामाला कोण येते, दुसरी किल्ली कोणाकडे असते, असे रकाने त्याने शाईच्या पेनाने आधीच आखून आणले होते. आईने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे बघत दिली. किल्लीच्या प्रश्नावर ती गप्पच झाली. त्याच्या ते लक्षात आले असावे. "राहू द्या आजी, पुढच्या वेळी सांगा," असे म्हणून त्याने तो रकाना मोकळा सोडला, स्वतःचा मोबाइल नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि दागिने घरात ठेवू नका, अनोळखी फोनवर बँकेची माहिती देऊ नका, एवढे सांगून तो उठला. चहाला नको म्हणाला. दहा मिनिटांत सगळे आटोपले. तो जिना उतरून गेल्यावर आईने मला विचारले, "मी काय केलं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर गेले, तर समोरच्या काकू जाळीच्या दाराआडून हळूच म्हणाल्या, "काल पोलीस आले होते ना? सगळं ठीक आहे ना?" त्यांच्या स्वरात खरी काळजी होती. मी म्हटले, "काही नाही हो, पासपोर्टचं काहीतरी होतं."

मी खोटे बोलले, आणि ते कशासाठी, हे मला तेव्हा सांगता आले नसते.

नंतर विचार करताना माझ्या ध्यानात आले की आपल्याकडे सभ्य माणसाच्या घरी पोलीस येण्याचे एकच सभ्य कारण आहे आणि ते म्हणजे पासपोर्टची पडताळणी. बाकी कोणत्याही कारणासाठी तो गणवेश दारात उभा राहिला की घराला काहीतरी लागले, असेच शेजारपाजार समजतो. भाषासुद्धा या भीतीत सामील आहे. 'चौकशी' हाच शब्द घ्यावा. एसटी स्थानकावर चौकशीची खिडकी असते. लांबच्या नातेवाइकाला फोन केला की "काकांची चौकशी केली म्हणून सांगा" असे आपण शेवटी सहज म्हणतो, आणि त्यात माया असते. तोच शब्द पोलिसांच्या तोंडी आला की त्याचा रंग बदलतो. एखाद्या अधिकाऱ्यामागे चौकशी लागते, एखाद्याला चौकशीसाठी घेऊन जातात. त्या मुलाने दारात उभे राहून तो शब्द काकांच्या चौकशीतला म्हणून उच्चारला होता. आईने तो दुसऱ्या अर्थाने ऐकला आणि मी, शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी तिची मुलगी, आईच्याच अर्थाला चिकटून दार लावून मोकळी झाले.

ही भीती कोठून येते, ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. "पान संपव, नाहीतर पोलीस येईल," हे वाक्य ऐकत आम्ही जेवायला शिकलो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण माझे वडील पोलीस ठाण्यालाही लावत असत. मी चोविसाव्या वर्षी ती पायरी चढले, कारण संध्याकाळी कामावरून परतताना माझ्या गळ्यातली साखळी एकाने ओढून नेली होती. मानेवर ओरखडा होता आणि अंगाला कापरे भरलेले होते. ते शहर आणि ते ठाणे कोणते, याला आता महत्त्व नाही. बाकावर तीन तास बसवून ठेवल्यानंतर मला विचारले गेले की साखळी खरी होती की खोटी, अंधारात एकटी का निघाले होते आणि वडील बरोबर का आले नाहीत. माझा अर्ज मी दोनदा लिहिला, कारण पहिल्या वेळी मी 'चोरी' असे लिहिले होते आणि मला ते 'गहाळ' असे लिहायला सांगण्यात आले. त्या तीन तासांत एका महिला शिपायाने स्वतःच्या बाटलीतले पाणी मला प्यायला दिले आणि मानेला लावायला हळद आहे का घरी, असे विचारले. साखळी मिळाली नाही. त्या ठाण्याविषयी मनात दोन गोष्टी राहिल्या आहेत, एक 'गहाळ' हा शब्द आणि दुसरी ती पाण्याची बाटली.

पण माझ्या भीतीचे खरे मूळ याहून जुने आहे, भिवंडीतले. तिथे माझे आजोळ. मामा एका सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होता आणि उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडे महिनाभर त्याच्याकडे राहत असू. ज्यांनी भिवंडीत रात्र काढली आहे त्यांना यंत्रमागांची खटखट सांगावी लागणार नाही. ती भिंतीतून येते, जमिनीतून येते, पाण्याच्या तांब्यात हलते. पहिल्या रात्री झोप लागत नाही आणि आठवड्यानंतर घरी परतल्यावर शांततेमुळे झोप लागत नाही. मे 1984 मध्ये मी नऊ वर्षांची होते. एका दुपारी ती खटखट थांबली. आधी जवळची, मग लांबची, मग सगळीच. आजीने चुलीवरचे भांडे उतरवले आणि अंगणाचे दार लावून घेतले. पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. आकाशाच्या एका बाजूला धूर, जळलेल्या सुताचा केस जळल्यासारखा वास, रात्री रस्त्यावरून जाणाऱ्या बुटांचा एकसारखा आवाज आणि बंद दुकानांच्या पत्र्यांवरून ओढत नेलेल्या काठीचा खरखराट. बुटांचा आवाज जवळ आला की आजी आमच्या तोंडावर हात ठेवत असे. ते आपल्या रक्षणासाठी फिरत आहेत असे तेव्हा कोणीही म्हटले नाही. बाहेर दंगेखोर होते आणि बाहेरच पोलीस होते, आम्ही आत होतो, एवढीच आमची समज होती. पलीकडच्या मोहल्ल्यातली माझ्याच वयाची मुले याच बुटांच्या आवाजाने किती घाबरली असतील, हा विचार मनात यायला मला वीस वर्षे लागली. भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून त्या दंगलीत अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्याआधी 1970 मध्येही भिवंडी जळाली होती आणि त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले होते. एकाच गावाला चौदा वर्षांत दोनदा हे भोगावे लागले.

पुढे 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. शहरात अशा सत्तरच्या आसपास समित्या झाल्या. शांतता समिती हा प्रकार लोकांना नवा नव्हता. सण जवळ आला की गावातले पुढारी, दोन्हीकडचे वजनदार लोक ठाण्यात बोलावले जात, चहा होई, एकोप्याची भाषणे होत आणि मंडळी आपापल्या घरी जात. खोपड्यांनी जे केले ते याच्या उलट्या टोकाचे होते. त्यांनी पुढाऱ्यांना बाजूला ठेवून कारागीर, दुकानदार, शिक्षक, घरातल्या बायका अशी साधी माणसे निवडली, दोन्ही समाजांची बरोबरीने, आणि त्यांच्यात त्या त्या भागातल्या पोलिसाला नेऊन बसवले. सणाची किंवा तणावाची वाट न पाहता या बैठका नेमाने व्हायच्या होत्या.

मामाचे नाव त्यात कोणी सुचवले, ते त्याला शेवटपर्यंत कळले नाही. घरी निरोप घेऊन शिपाई आला तेव्हा मामीने देवापुढे दिवा लावला होता. पहिल्या बैठकीला जाताना मामाने इस्त्रीचा सदरा घातला आणि परत यायला उशीर झाला तर कोणाला कळवायचे, ते कागदावर लिहून ठेवले. बैठक एका शाळेच्या वर्गात होती. मोठ्या माणसांना लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसावे लागले आणि मामाच्या म्हणण्याप्रमाणे निम्मी भीती त्या बाकांनीच घालवली, कारण गुडघे हनुवटीशी आलेला फौजदारसुद्धा माणसासारखाच दिसतो. त्याच्या शेजारी पांढरी दाढी असलेला एक मोमीन विणकर बसला होता. दोघांची घरे चालत सहा मिनिटांच्या अंतरावर आणि दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नव्हते. अर्धा तास कोणी बोलेना. मग एका बाईंनी उठून सांगितले की त्यांच्या गल्लीतले गटार तुंबले आहे, तीन आठवडे झाले, आणि त्या पाण्यातून मुले शाळेत जातात. फौजदार म्हणाला की हे पोलिसांचे काम नाही. मग तो स्वतःच थांबला, खिशातली वही काढली आणि गल्लीचे नाव लिहून घेतले.

पुढच्या बैठकीपर्यंत ते गटार उपसले गेले होते. मामा ही गोष्ट आम्हाला इतक्या वेळा सांगत असे की मामी पाणी आणायच्या निमित्ताने उठून जात असे. मला मात्र ती प्रत्येक वेळी ऐकावीशी वाटे, कारण मामाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटायचे ते दुसऱ्या कशाने उमटत नसे. त्यानंतर बैठकांत नळावरची भांडणे आली, रात्रीच्या मागांचा आवाज आला, दारू पिऊन बायकोला मारणारा एक नवरा आला, भिंतीवरून दोन भावांत पेटलेला वाद आला. यातले कोणतेही प्रकरण दंगलीचे नव्हते. पण महिन्यामागून महिने अशा बारीकसारीक गोष्टींसाठी एकत्र बसल्यामुळे मामाला त्या विणकराच्या गुडघेदुखीची माहिती झाली, विणकराला मामाच्या मुलाच्या दहावीच्या मार्कांची माहिती झाली आणि त्या भागाच्या शिपायाला दोघांच्याही घरचा चहा कसा असतो ते ठाऊक झाले. माझ्या समजुतीप्रमाणे या सगळ्या योजनेचा जीव एवढ्यातच होता. पोलिसाने लोकांच्या दारात अशा दिवशी यायचे, ज्या दिवशी काहीही घडलेले नाही.

6 डिसेंबर 1992 हा रविवार होता. अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली, त्याच रात्रीपासून मुंबई पेटली आणि आईने भिवंडीला फोन लावायचा प्रयत्न सुरू केला. आमच्याकडे फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या बूथवर रांगेत उभे राहून ती नंबर फिरवत असे आणि लागत नाही म्हणून परत रांगेच्या शेवटी जात असे. मी सतरा वर्षांची होते, तिच्या बरोबर उभी राहायचे. आठ वर्षांपूर्वीच्या धुराचा वास आम्हा दोघींच्याही नाकात होता, पण त्याचा उच्चार आम्ही केला नाही. अखेर एका संध्याकाळी मामाच्या शेठजींच्या पेढीवरचा फोन लागला. आईने काही विचारायच्या आत मामा म्हणाला, "थांब, ऐक," आणि त्याने फोन खिडकीकडे धरला असावा. आईने फोन माझ्या कानाला लावला. त्या तारेतून, खरखरीतून, लांबून पण स्पष्ट, माग चालू असल्याचा आवाज येत होता.

भिवंडी त्या वेळी शांत राहिली. डिसेंबरात आणि जानेवारीत मुंबईत नऊशे माणसे मेली, आणि जिच्याविषयी सगळ्यांनी आधीच आशा सोडली असती ती भिवंडी शांत राहिली. अफवा तिथेही पोचल्या होत्या. पण मामा सांगायचा की अफवा आली की लोक ती पडताळायला जात होते आणि कोणाकडे जायचे हे त्यांना माहीत होते. याचे सगळे श्रेय समित्यांना द्यावे का, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्या वादात पडायचे नाही. मी तो आवाज ऐकलेला आहे.

भिवंडीच्या या अनुभवावरूनच पुढे, 1994 नंतर, मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी, निवृत्त झालेले पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, शांततेसाठी काम करणाऱ्या सुशोभा बर्वे अशी माणसे त्यात होती. जखमा ओल्या असताना हे काम करणे किती कठीण असेल, याची मला थोडी कल्पना आहे, कारण ज्यांनी पोलिसांच्या गोळ्यांनी घरचे माणूस गमावले होते त्यांनाही पोलिसांच्याच शेजारी येऊन बसा म्हणायचे होते. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी गल्लीगल्लीत जी वर्षानुवर्षे पायपीट केली, तिला तर मी कशाचीच उपमा देऊ शकत नाही. वस्तीतली पोरे आणि पोलीस एकमेकांविरुद्ध क्रिकेट खेळू लागले. हे कोणाला किरकोळ वाटेल, मला वाटत नाही. ज्या हवालदाराचा त्रिफळा आपण उडवला आहे, त्याला चौकात पाहून पळून जावेसे वाटत नसावे.

तरीही हे सगळे एकदा मिळवले म्हणजे कायमचे आपले झाले, असे नाही, आणि हे मला भिवंडीनेच शिकवले. जुलै 2006 मध्ये तिथे एका नव्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे गेली आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. मामा तेव्हा निवृत्त झालेला होता. मी भेटायला गेले तेव्हा तो ओट्यावर बसला होता आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ते दोघे पोलीस कोणाच्या ओळखीचे नव्हते गं." त्याच्या मोहल्ल्याच्या बैठका विरळ कधी झाल्या, हे त्याला नेमके सांगता येईना. जुनी माणसे थकली, विणकर वारला, नवी मुले यायला तयार नव्हती, मामा स्वतःही गुडघ्यांमुळे जायचा थांबला होता. त्याने कोणाला दोष दिला नाही. "आपण त्या वर्गात बसायचे सोडले," एवढेच तो म्हणाला. तोही आता नाही.

माझ्या सासरच्या गावी, सातारा जिल्ह्यात, याच विचाराचे दुसरे रूप मी पाहिले. 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यभर महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटावेत आणि ज्या गावाने ते मिटवले त्याला पुरस्काराची रक्कम मिळावी, अशी ती योजना. दोन चुलत घरांमधला बांधाचा वाद, जो माझे लग्न होण्याआधीपासून कोर्टात होता, तो समितीपुढे एका दुपारी मिटला आणि दोन्ही घरांनी पेढे वाटले. पोलीस पाटलाचा आणि ठाण्यातल्या हवालदाराचा त्यात मोठा हात होता. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे आणि मला त्याचे कौतुक आहे. पण त्याच ओट्यावर, त्याच वर्षी, नवऱ्याच्या मारापायी माहेरी निघून गेलेल्या एका सुनेला परत आणून बसवले होते आणि समजूत घालणारे सगळे पुरुष होते. गावाचे नाव पुरस्कारासाठी जाणार होते. ती बाई मान खाली घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. तिने होकार दिला, तंटा मिटला, तशी नोंद झाली. विश्वास कोणाचा कोणावर वाढला, हा प्रश्न मी तेव्हा घरात विचारला आणि मला उत्तर मिळाले नाही. लोकांनी पोलिसांजवळ यावे हे खरे, पण त्या लोकांमध्ये सगळ्यांत दुबळे जे कोण असेल, तेही पोचले पाहिजे. नाहीतर ही जवळीक ज्यांचा आवाज आधीच मोठा आहे त्यांच्या आणखी उपयोगी पडते.

गडचिरोलीत पोलिसांनी दुर्गम भागातल्या मदत केंद्रांमध्ये 'दादालोरा खिडकी' सुरू केली आहे. तिथे जातीचे दाखले, आधार कार्ड, शेतीच्या आणि नोकरीच्या योजना यांची कामे एका जागी होतात. नावात दादा आहे, म्हणजे मोठा भाऊ. आपण मामा म्हणतो, ते दादा म्हणतात. नात्याचे नाव आधी द्यायचे आणि मग त्या नावाला जागायचे, असा तो प्रयत्न आहे. त्या भागातल्या माणसाला मात्र खिडकीपाशी उभे राहण्याआधी आणखी एक हिशेब करावा लागत आला आहे, कारण पोलिसांचा खबरी असल्याच्या संशयावरून नक्षलवाद्यांनी तिथे कितीतरी गावकऱ्यांचे जीव घेतले आहेत. अशा ठिकाणी कोणी पोलिसाला आत घेऊन दार लावले, तर त्याला मी काय म्हणणार? माझ्या दाराआड मात्र चार शेजारणींच्या नजरांपलीकडे काही नव्हते.

आणि तरी चौकशीच्या रकान्यांविषयी आईला जी शंका आली ती मी वेडगळ मानत नाही. घरी कोण येते, किल्ली कोणाकडे असते, हे एका नोंदवहीत लिहिलेले असणे म्हणजे काळजी आणि पाळत या दोन्हींचा कागद एकच असणे. तो कागद कोणत्या अर्थाने वाचला जाईल, ते वाचणाऱ्यावर अवलंबून आहे. म्हणूनच त्या मुलाने किल्लीचा रकाना मोकळा सोडला, ही गोष्ट मला एवढी मोलाची वाटते. त्याला तो भरून घेता आला असता. त्याचे काम पूर्ण दिसले असते. त्याच्या डोळ्यांत लाली होती, रात्रपाळी करून आला असावा. पोलिसांनी लोकांत मिसळावे म्हणून आपण अपेक्षा करतो, पण मिसळायला माणसाजवळ उरलेला वेळ लागतो, आणि पोलिसाजवळ नेमका तोच नसतो. 2016 मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे एका साध्या कर्मचाऱ्यानेच मांडला होता. ती बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला होता. झोप झालेला माणूस दारात उभा राहिला, तर शब्दही बरे निघतात.

दरवर्षी 2 जानेवारीला पोलीस स्थापना दिन असतो. 1961 साली त्या दिवशी पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला. त्या आठवड्यात शाळेतल्या मुलांना ठाण्यात नेऊन बंदुका, बिनतारी यंत्र, कोठडी असे सगळे दाखवतात. माझी भाची चौथीत असताना जाऊन आली आणि तिने येऊन सांगितले की ठाण्यात एक मावशी आहेत, त्यांच्या टेबलाच्या खणात गोळ्यांची बरणी आहे आणि त्या सगळ्यांना एकेक गोळी देतात, पण कोठडीतल्या काकांना त्यांनी दिली नाही. ते काका तिच्याकडे बघत होते. तिला त्यांची भीती वाटली नाही, वाईट वाटले. तिच्या वयाची असताना मी बुटांचा आवाज ऐकत होते.

गणपती होऊन गेल्यावर मी पुन्हा आईकडे गेले. बंदोबस्तातून पोलीस आताशी मोकळे झाले होते. मधल्या काळात आईने ती चिठ्ठी दुधाच्या हिशेबाच्या वहीला टाचणीने लावून ठेवली होती, फोन मात्र एकदाही केला नव्हता. सकाळी कडी वाजली, पुन्हा तेच शब्द आले, पण आवाज वेगळा होता. दारात दुसराच शिपाई होता, वयाने मोठा, मिशीत पांढरे केस. पहिला मुलगा बदलून गेला, असे त्याने सांगितले. आई क्षणभर हिरमुसली. "बरा होता तो पोरगा," ती म्हणाली, जणू तो वर्षानुवर्षे येत होता. मग तिने पलंगावरून पाय खाली सोडले आणि त्याला खुर्ची दाखवली.

नोंदवही तीच होती, रकाने त्याच शाईचे. मोकळा रकाना त्याने पाहिला, पण विचारले नाही. आईनेच सांगितले, "किल्ली समोरच्यांकडे असते." मी दाराशी उभी होते. जाळीचे दारही मी मागे सारून भिंतीला लावून ठेवले होते, आणि समोरच्या काकू आपल्या उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. हातात भिजवलेल्या डाळीचे पातेले होते. त्यांचा मुलगा बंगळूरला असतो, दोन वर्षांत एकदा येतो. मी म्हटले, "काकू, त्या दिवशी पासपोर्टचं नव्हतं. एकट्या राहणाऱ्यांची नावं लिहून घेतात, त्यासाठी आले होते." त्यांनी माझ्याकडे पाहिले, आईकडे पाहिले, मग पातेले जिन्याच्या कठड्यावर टेकवत विचारले, "त्याला काय ठाण्यात जावं लागतं?"

"मी आलोय ना," शिपाई बसल्या जागेवरून म्हणाला आणि नोंदवहीचे पान उलटून त्याने पेन झटकले. शाई उतरेना. आई देवाजवळच्या फळीवरून तिचा बॉलपेन घेऊन आली. काकूंनी ओले हात पदराला पुसले आणि आपले पूर्ण नाव, सासरचे आणि माहेरचे, सावकाश सांगायला सुरुवात केली.